आवरलेला काठ

३ मार्च

चि. चिखलराणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबा तुझ्याकडे नीट पोचले, आता तुझी खरी परीक्षा. आई गेल्यापासून त्यांचा पाय एका जागी ठरत नाही. जन्मभर सार्वजनिक बागेत माळीकाम केलेला माणूस, रिकामा बसला की आमच्या कुंड्यांच्या जागा बदलत सुटतो. तुझ्या तळ्यावर त्यांना काहीतरी काम दे. थोडी साफसफाई सांग, खूश होतील.

आईची खोली आम्ही आवरली. आता रंग दिला की बाबांना मोकळी, उजेडाची खोली मिळेल. शिवणयंत्र तेवढं राहिलंय, ते महिनाअखेरीस भंगारात देईन.

चिखल लागला तरी चालेल, पण लोभ असू दे.

तुझा दादा

१४ मार्च

ती. दादास साष्टांग नमस्कार.

तुझा सल्ला मला चांगलाच भोवला. भराव घालून बुजवलेलं हे तळं पुन्हा जिवंत करायला आम्ही चार वर्षं राबतोय. काठावरची उंच गवतासारखी पाणकणसं पाणी गाळतात, त्यांच्या मुळांशी मासे अंडी घालतात, वाळलेल्या पात्यांत पाणकोंबडी घरटं बांधते. यंदा पहिल्यांदाच एक जोडी आली होती. मी कामाला जाताना बाबांना म्हटलं, काठ जरा बघा. परत येऊन पाहते तो काठ हजामत केल्यासारखा गुळगुळीत! वाळलेलं सगळं कापलेलं, अर्धवट घरट्यासकट. विळा धुऊन ठेवलेला आणि बाबा शाबासकीची वाट बघत उभे.

माझ्या तोंडून निघून गेलं की बाबा, तुम्ही त्यांचं घर मोडलंत. तेव्हापासून ते नुसते काठाने येरझाऱ्या घालतात. माझा जीव थाऱ्यावर नाही. त्यांना परत पाठवू का? तळं भरून येईल रे, बाबांचं काय करू?

लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर हवं.

तुझी चिखलराणी

२३ मार्च

चि. थोरल्यास आशीर्वाद.

मला न्यायला येतोस, हे तुझ्या पत्रातलं तुझ्या बहिणीने वाचून दाखवलं. इतक्यात येऊ नकोस. तिने मला नोकरी दिली आहे, काहीच न करण्याची. इतकी अवघड नोकरी मी उभ्या आयुष्यात केली नाही. विळा कुलपात आहे. मी स्टुलावर बसतो, हात शिवशिवतात, सुकलेलं पान दिसलं की मान फिरवतो.

काठ साफ केला त्या दिवशी पाणकोंबडी चोचीत काडी धरून आली. त्या स्वच्छ जागेभोवती फिरत राहिली. काडी खाली ठेवेना, निघूनही जाईना. पोरगी बोलली त्याचं काही वाटलं नाही, पण त्या पाखराकडे बघवेना. तुम्ही खोली आवरलीत तेव्हा मीही तुझ्या आईचा चष्मा हातात घेऊन घरभर असाच फिरत होतो. तो ठेवायला जागाच उरली नव्हती. तू मायेनेच आवरलंस. मीही काठ मायेनेच साफ केला होता.

पलीकडच्या, मी न कापलेल्या टोकाला पाणकोंबडीने काल पुन्हा काड्या रचायला घेतल्या. म्हणून लिहायचा धीर झाला. शिवणयंत्र भंगारात देऊ नकोस. सुईत तुझ्या आईने ओवलेला दोरा आहे, तो तसाच राहू दे. धूळसुद्धा पुसू नकोस. मी आलो की चष्मा त्यावर ठेवीन.

लोभ आहे तो असाच पसरलेला असू दे, आवरू नकोस.

तुझे बाबा