विल्सनचं जहाज बर्फात

१२ जाने. २०१६, मंगळ.
कंपनीचा फोन. अंटार्क्टिकाजवळ विल्सनच्या प्रवासी जहाजाला बर्फाची धडक बसली. इंजिनरूममध्ये पाणी. विल्सन, नवरा माझा, तिथेच सेकंड इंजिनिअर. "मॅडम, सगळे सेफ आहेत." मग त्या माणसाचा आवाज का कापत होता? रियाला शाळेतून आणलं. माझं तोंड बघूनच ओळखलं तिने. "मम्मा, डॅडी ओके ना?" हो म्हटलं.

१३ जाने.
दीर इग्नेस आला, इथे ओमानातच इब्रीला असतो तो. जवळपास दोनच जहाजं म्हणे. एक अर्जेंटिनाचं, एक ब्रिटिशांचं. दोन्ही देश त्याच बर्फावर हक्क सांगतात. पूर्वी तिकडच्या बेटांवरून त्यांच्यात लढाईसुद्धा झालीय.
"हे भांडत बसले तर?"
"वहिनी, तिथे करार आहे. हक्काचं भांडण सगळ्यांनी बाजूला ठेवलंय."
करार! आमच्या अल हैलच्या बिल्डिंगीत पार्किंगचं मिटत नाही.

१४ जाने.
घर खायला उठतं, म्हणून ऑफिसात. शेजारच्या टेबलावरच्या सलमाने पाठीवर नुसता हात ठेवला आणि बांध फुटला. "इन्शाल्ला येतील," म्हणाली. ओमानी बाई, तिचेही डोळे भरलेले.
संध्याकाळी कळलं, दोन्ही जहाजं निघाली. अर्जेंटिनाचं प्रवाशांना घेणार, ब्रिटिशांचं पंप आणतंय. त्या खलाशांचे पाय धरावेसे वाटले. पण प्रवासी आधी. इंजिनरूमवाले कधी?

१५, शुक्र.
चर्चमध्ये मिस्साला गेले, इथे सुट्टी शुक्रवारची. एक शब्द कानात शिरला नाही.
दुपारी वि.चा फोन! सॅटेलाइटवरून.
"प्रवासी उतरले गं. दोन्हीकडची माणसं एकाच पंपावर आहेत. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, हातवाऱ्यांवर चाललंय."
"आणि तू?"
"आम्ही थोडे जण थांबलोय. डिझेल समुद्रात गेलं तर..."
"जाऊ दे ते डिझेल!" ओरडलेच मी. रिया दचकली.
"असं नाही गं. इथलं पाणी कुणा एकाचं नाही, म्हणून तर सगळे..."
लाइन गेली.

१६, शनि.
तिकडे वारा सुटलाय. ब्रिटिशांच्या जहाजाला मागे सरकावं लागलं. अर्जेंटिनाचं प्रवाशांना सोडून परत फिरणार आहे, म्हणे. वि. अजून आतच. इग्नेस सारखा कंपनीला फोन लावतोय.
रियाने विचारलं, "परत येणार ना?"
कोण, जहाज की डॅडी, हे विचारायचा धीर झाला नाही. येणार, म्हटलं. आणि तिचा हात इतका घट्ट धरला की म्हणाली, "मम्मा, दुखतंय."