पानी गेला, बाय

वाशी,
ता. ७ ऑक्टोबर १९८४

चि. सौ. पुतळा हिस,
वैशालीआक्काचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

दत्तूचं पत्र मिळालं. माझ्या भावजयीला सहावा लागला आणि मला आत्ता कळवता? लबाड आहात दोघंही!

माझं म्हणशील तर शरमेनं मान वर होत नाही. गेल्या महिन्यात आमच्या प्रसूतिगृहात जुहूगावची गोजरा आली, पहिलटकरीण. त्या दिवशी सकाळपासून नळ कोरडे, जो तो येऊन माझंच डोकं खाई. ही खाटेवरून म्हणाली, की बाय, पानी गेला. मी खेकसले, की नळाची तक्रार ऑफिसात जाऊन कर. बिचारी दोनदा म्हणाली, मग गप्प बसली. तासाभरानं सखू आया चादर बदलायला गेली तर सगळी भिजलेली. अगं, पाणमोट फुटली होती तिची! बाळ निळं पडून आलं. वाचलं, हेच नशीब.

डॉक्टरीणबाईंनी मग आम्हाला ट्रेनिंग लावलं. पेशंटशी कसं बोलायचं, कसं ऐकायचं. बारा वर्षं नर्स आहे, मला बोलायला शिकवणार म्हणून मी नाक मुरडलं. तर मला खाटेवर निजवलं आणि सखूला नर्स केलं. ती कमरेवर हात ठेवून अशी काही खेकसली की सगळ्या पोट धरून हसल्या. हुबेहूब मी! मीही हसले, आणि मग रडूच फुटलं. पोटुशा बायकांचाही वर्ग घेतात. लाजू नका, आपल्या शब्दांत सांगा, असं शिकवतात.

म्हणून म्हणते, सातव्यात इकडेच ये. आणि या खेपेला तोंड उघड बाई. मागच्या वेळी माझ्याच घरात असून गप्प राहिलीस आणि बाळ पोटातच गेलं.

आईला जयभीम सांग. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी वैशालीआक्का

बोरघर, ता. माणगाव,
ता. १९ ऑक्टोबर १९८४

ती. वैशालीआक्कांस,
पुतळाचा सविनय जयभीम.

तुमचं पत्र पावलं. हे उत्तर यांना न दाखवता माझी मीच लिहिते आहे. सातवीपर्यंतच शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या. सखूचं वाचून मलाही हसू आलं. गोजराचं बाळ वाचलं, बरं झालं.

पण आक्का, मी येणार नाही. इथे भिमाबाई सुईण आहे.

मागच्या वेळी मी गप्प नव्हते. तुम्ही ड्यूटीवर जायला साडी नेसत होता. मी दारात येऊन सांगितलं, की आक्का, पोट कालपासून गप हाय. तुम्ही पिन लावता लावता म्हणालात, की गप्प आहे ना, मग तूही गप्प पड, पहिलटकरणींचे नखरे मला ठाऊक आहेत. तुम्ही नर्स, तुम्हाला कळत असेल म्हणून मी पडून राहिले. तिसऱ्या दिवशी काय झालं ते तुम्ही जाणताच.

चार वर्षं झाली, सासूबाई चारचौघींत म्हणतात, की हिनं तोंड उघडलं असतं तर आज नातू अंगणात खेळला असता. मी खाली मान घालते. तुम्हाला खोटं पाडायचं नव्हतं. या बाळासाठी आता बोलले.

राग नसावा, पहिल्यासारखीच माया असू द्यावी.

आपली पुतळा

वाशी,
ता. २५ ऑक्टोबर १९८४

चि. सौ. पुतळा हिस,
आशीर्वाद द्यायचा माझा मान, पण आज मीच तुला जयभीम करते.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ती साडी मला आठवते, पिनसुद्धा आठवते. तुझं बोलणं मात्र काही केल्या आठवत नाही. याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. आणि वर मीच आईला सांगत सुटले, की पोरीनं तोंड उघडलं नाही.

आईला आजच निराळं पत्र टाकलं आहे. त्यात लिहिलंय, की पुतळा बोलली होती, ऐकलं मी नाही. शेजारच्या बयाबाईला आणि चार बायकांना बसवून मोठ्यानं वाच, असं दत्तूला बजावलंय.

तू ये असं म्हणत नाही. डिसेंबरात रजा काढून मीच येते, भिमाबाई सांगेल ते करीन. तोवर दर आठवड्याला एक कार्ड टाक. पोट काय म्हणतंय तेवढंच लिही, बोलतेस तसंच. पण एक दिवस जरी गप वाटलं तरी कार्ड लिहीत बसू नकोस. दत्तूला घेऊन तडक माणगावच्या दवाखान्यात जा, आणि तिथली नर्स खेकसली तरी पुन्हा सांग.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.

वैशाली