टेलरची मोटर घ्यावी की नाही

४ फेब्रुवारी
डॉक्टरांनी बायकोला होडी वल्हवायची बंदी केली. खांदा पार गेलाय म्हणे. तिची आई नदीच्या पलीकडच्या काठावर एकटी असते, आठवड्यातून दोन-तीनदा जावंच लागतं. बायको वल्हवते, मी मागे बसून बॅलन्स सांभाळतो. दिसतं तितकं सोपं नाही ते.
होडीला मोटर बसवायची ठरवली. गल्लीतला टेलर त्याच्या होडीची जुनी आउटबोर्ड मोटर विकतोय. उद्याच विषय संपवतो.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
मोटर पाहिली. शिलाई मशीनमागे चिंध्यांत उभी. टेलर म्हणाला, न्या एकदाची, जागा अडते. इतक्या सहज देतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. लगेच हो म्हटलं नाही. गरजू दिसलो की भाव वाढतो. नावं ठेवत राहायचं, भाव आपोआप उतरतो.

९ फेब्रुवारी
पिंपात पाणी भरून त्यात मोटर चालवून बघितली. दोरी ओढून ओढून टेलर घामाघूम. सुरू झाली, खोकली, बंद पडली. मी नुसती मान हलवली. टेलरचा चेहरा पडला.
बायकोचं म्हणणं, घेऊन टाका, मग दुरुस्त करू. व्यवहार तिच्या डोक्यावरून जातो.

१२ फेब्रुवारी
कार्ब्युरेटर मीच उघडून साफ केला. प्लगही नवा आणला, स्वतःच्या खर्चाने. घेण्याआधी दोष किती खोल आहे ते कळायला नको? टेलर चहा पाजत होता. आपण कुणाच्या तावडीत सापडलोय याची बिचाऱ्याला कल्पना नाही.
बायको आईकडे गेली नाही. फोनवर बराच वेळ बोलली, मग डोळे पुसले. म्हटलं, अंतर काही फार नाही, हळूहळू वल्हवलंस तर जमेल. तिने माझं ताट वाढलं आणि आत निघून गेली.

१७ फेब्रुवारी
मोटरच्या पंपातला रबरी पंखा झिजला होता. नवा घालून दिला. आता पाण्याची धार सणसणीत येते. टेलरची बायकोही कौतुकाने बघून गेली. भावाचं काय, विचारलं. टेलर म्हणाला, बघू. म्हणजे डळमळलाय.

२१ फेब्रुवारी, सकाळ
पहिल्याच ओढीला सुरू! टेलरला म्हटलं, नवी मोटर झक मारेल हिच्यापुढे. हे बहुतेक बोलायला नको होतं.

त्याच दिवशी, दुपार
टेलर विकत नाही म्हणतो. इतकी छान चालते तर विकायची कशाला, असं त्याची बायको म्हणाली. माझे आभार मानले, शर्टाचं तुटलेलं बटण फुकट लावून दिलं.
असो. मोटर घेण्यालायक होती हा माझा अंदाज बरोबरच ठरला.

२२ फेब्रुवारी
टेलर स्वतःच्या होडीला तीच मोटर लावून सहकुटुंब पलीकडे निघाला. बायकोला विचारलं, येता का वहिनी? ही चप्पल घालून तयार. मला जागा नव्हती. सासूबाईंची औषधं घरीच राहिली, म्हणून मागून मी आमची होडी काढली. हळूहळूच वल्हवलं. मध्यावर थांबलो, तर पलीकडचा काठ होता तिथेच. बायको इतकी वर्षं हे करत होती, आणि वर मला बसवून. फार वाईट वाटलं. पोचलो तेव्हा सगळे जेवून बसले होते.

२३ फेब्रुवारी
हात खांद्याच्या वर जात नाही. घरात कुणाला सांगायची सोय नाही. बायकोने विचारलं, आज दाढी नाही केलीत? म्हटलं, वाढवायची ठरवलीय.