शेपटीवरची टोपी

६ ऑक्टोबर

आणि वरून भाऊजी मलेच म्हणते — "तुह्या भल्यासाठीच केलं ना बे!" कोणं सांगितलं होतं माझं भलं कराले? सुट्टी मी साहेबाले मागितली होती, भाऊजीले नाई. साहेब देतही होते. यानं मधीच तोंड घातलं — "सर, इसको छुट्टी मत दो. ये गया तो आता नहीं. सूरत से भागा, पुणे से भागा." सगळ्या शेडसमोर! हिंदीत! म्हणजे सगळ्यांले समजलं. इथले बंगळूरचे पोट्टे अजून हासून रायले. मले पाहून पळायची अ‍ॅक्टिंग करतात.

हो, गोव्याले जाणार होतो. बोटीवर माणसं पाहिजेत म्हणे. आमच्या घरी आज्यापासून सगळ्यांनी तळ्यात जाळं टाकलं, समुद्र कोणी पाहिला नाई. पाहून आलो असतो! परतही आलो असतो. कदाचित.

रंजीताबाई माझी मोठी बहीण, मी बाईच म्हणतो; तिचा नवरा म्हणून ऐकून घेतलं. दुसरा कोणी असता तर — जाऊ दे.

आता मी बोलणार नाई. त्यानं आधी बोलावं.

७ ऑक्टोबर

बोललो नाई. तोही नाई. एका खोलीत रायतो, एका गंजातला भात खातो. भाताचं भांडं मधी सरकवायचं, बस.

९ ऑक्टोबर

आईचा फोन. मूल गावच्या बाजारात कोणाले तरी सांगून आली — माझा सुरज इमान चालवते! किती वेळा सांगितलं. आज पुन्हा सांगितलं. आई, इथी एक डब्बा हाये, ट्रॅक्टरच्या बॅटरीएवढा. विमान शेडमधी उभं असते, चाकाखाली लाकडं. डब्बा त्याले खोटं खोटं सांगते — तू हवेत आहेस, उतरायची पट्टी समोर आहे, जरासा डावीकडं चुकला आहेस. मंग आतमधी काटा हालते. बरोबर हालला म्हणजे विमानाचा कान चांगला.

आई म्हणाली, "खोटं बोलाचे पैसे देतेत?"

हो म्हटलं.

"मंग तुह्या मामाले बी लावून दे तिथी."

हासलो. भाऊजी तिकडं भांडी घासत होता, त्यालेही हासू आलं होतं. दोघांनी तोंड फिरवलं.

१० ऑक्टोबर

आज दोन विमानं. डब्बा भाऊजी चालवते. आत बसून काटा पाहते, कागदावर सही त्याचीच. माझं काम शिडीचं. शेपटीवर वर मिशीसारखा एरियल असते, त्यावर टोपी घालायची. टोपी नसली तर डब्ब्याचं खोटं शेडबाहेर जाते. वरून खरंच एखादं विमान येत असलं तर ते आपलं खोटं ऐकते! म्हणून टोपी. टोपी चढवली का पेटीतल्या खिळ्यावरचा पितळी बिल्ला आपल्या खिशात. उतरवली का बिल्ला परत खिळ्यावर, आणि मोठ्यानं ओरडायचं — "उतरली!" भाऊजी बाहेर येऊन मान वर करून पाहते, मंग ओरडते — "पाहिली!" मंग सही.

हे त्यानंच बसवलं. साहेबाच्या पुस्तकात ओरडणं नाई.

आता तर अबोला. मी ओरडत नाई, बिल्ला टांगून देतो. तो खिळा पाहते आणि सही करते. चालूनच रायलं ना!

१२ ऑक्टोबर

दसरा. उठलो तर उशाशी आपट्याची दोन पानं. इथं लोक बन्नीची, म्हणजे शमीची पानं देतात. आपटा यानं कुठून आणला काय माहीत. भाऊजी कामावर निघून गेला होता.

खरं म्हणजे मी लहान. मीच सोनं द्यायचं, पाया पडायचं, विषय खतम. घरी असतो तर आईनं मान धरून वाकवलं असतं. पण पानं ठेवून गेला, बोलला काऊन नाई? दोन शब्द बोलाले काय झालं होतं?

चादर झटकली. पानं कचऱ्यात गेली.

१५ ऑक्टोबर

आज काही लिहिता येत नाई.

१६ ऑक्टोबर

लिहितो.

काल चार सीटांचं पांढरं विमान होतं. तपासणी जेवणाआधी झाली. भाऊजी आत बसून कागद भरत होता. मी टोपी काढाले गेलो तर शिडी नाई. रंगवाले घेऊन गेले होते. म्हटलं, शिडी आली का काढू. पण जेवणाच्या सुट्टीत बिल्ल्यांची पेटी बंद होते. बिल्ला खिशात राहिला तर साहेब बोंबलतात. म्हणून आधीच टांगला. टोपी वरच.

फक्त एवढं म्हणायचं होतं — भाऊजी, टोपी वरच हाये. तो माझ्यापासून दहा हातावर होता. दरवाजा उघडा होता, त्याचा पाय दिसत होता. तोंडापर्यंत आलं होतं. मनात म्हटलं, त्यानं विचारलं तर सांगीन. रोज विचारत होता ना, भांडण नव्हतं तेव्हा — "उतरली का बे सुरज?"

त्यानं विचारलं नाई. बिल्ला पाहिला, सही केली.

जेवून आलो तर शिडी होती. विमान नव्हतं. ढग येऊन रायले म्हणून पायलट लवकर घेऊन गेला. पांढऱ्या शेपटीवर पांढरी टोपी, खालून कोणाले दिसणार?

मी धावलो. कुठी धावलो, काय माहीत. पट्टीच्या कुंपणापर्यंत. भाऊजी मागून आला, माझा चेहरा पाहिला आणि खाली बसला. तेव्हाही कोणी बोललं नाई.

टोपीनं विमानाचा कान झाकलेला, ढगात गेल्यावर काटा मेला. आत तीन माणसं होती. टॉवरवाल्यानं बोलून बोलून खाली आणलं — आता डावीकडं, आता उजवीकडं, आता खाली. उतरलं तेव्हा पायलटचा शर्ट चिंब. शिव्या पण दिल्या नाईत त्यानं. शेपटीकडं पाहिलं आणि पायरीवर बसून राहिला.

भाऊजीनं शिडी लावली, स्वतः चढला, टोपी काढून आणली.

१८ ऑक्टोबर

चौकशी. साहेबानं भाऊजीले विचारलं, टोपी कोणाकडं होती?

"मेरे पास सर. मैंने बोला था उसको, मैं उतारूंगा. भूल गया."

मी तिथंच उभा. खोटं! मी तोंड उघडलं तर त्यानं माझ्या पायावर पाय दिला. बुटाचा. जोरात. मी तोंड मिटलं.

पायावर पाय दिला म्हणून मिटलं असं लिहिलं. खरं म्हणजे बरं वाटलं मले. एक क्षण बरं वाटलं. लिहून ठेवतो.

त्याले काढलं. सात वर्षांची नोकरी होती.

१९ ऑक्टोबर

भाऊजीले गाडीवर बसवून आलो. फलाटावर तो आधी बोलला. मले पाहिजे होतं तसंच!

"डब्ब्यावर कापड टाकत जा. धूळ बसते."

मी म्हटलं, "भाऊजी, तुमी काऊन असं केलं?"

"मंग काय सांगू? तू आधीच पळपुट्या. अजून एक दाखला कायले लावू तुह्या मांगं? आता दोन वर्षं तरी टिक इथी."

"तुमी बाईले काय सांगान?"

"धान कापाले आलो म्हणीन."

गाडी हालली. खिडकीतून म्हणाला, "सही माझी होती ना बे. मले पाहाले जायला पाहिजे होतं. बिल्ल्याकडं पाहून सही केली मी."

माझी समजूत घालून रायला होता! मी त्याची घालायची, तर तो माझी!

२१ ऑक्टोबर

भात एकट्याचा जास्त शिजतो. अंदाज येत नाई.

१ नोव्हेंबर

दिवाळी. डब्ब्यावर नवीन माणूस आहे, डिप्लोमावाला. चांगला आहे, वाईट नाई. पण तो काटा पाहते आणि मोबाईलही पाहते. मी शिडीवरून ओरडलो — "उतरली!" तो म्हणते, "चिल्लाता क्यों है?"

भाऊजीच्या गावाहून, कुरखेड्याहून बाईचा फोन आला. म्हणे, "धान तं दोन एकरातलं, कापून झालं. आता रोज ओट्यावर बसून रायतेत. इमानाचा आवाज आला का वर पायतेत. काम काऊन सोडलं इचारलं तं म्हणतेत, कंटाळा आला. कंटाळा तं तुले येते रे, त्यांले कधी आला?"

मी फोन दुसऱ्या कानाले लावला.

"तुले मालूम हाये का काही?"

नाई म्हटलं. बहिणीले.

३ नोव्हेंबर

त्या दिवशी उशाशी पानं होती तेव्हा उठून मागं धावलो असतो तर? बस स्टॉपपर्यंतच गेला असेल तो. हेच डोक्यात येते. शिडी, बिल्ला, साहेब — सगळं नंतरचं.

९ नोव्हेंबर

साहेबाले सगळं सांगितलं. शिडी, पेटी, बिल्ला. आमचा अबोला पण सांगितला. त्यांले अबोला म्हणजे काय ते समजेना. "बात नहीं करते थे? कितने दिन? क्यों?" सुट्टीवरून म्हटलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एक छुट्टी के पीछे आसमान में तीन आदमी."

मंग म्हणाले, सही त्याची होती, म्हणून चूक त्याचीही आहे. पण खोटं सांगून दुसऱ्याची चूक अंगावर घेतली, ती काही त्याची नाई. डब्ब्याले त्याच्यासारखा माणूस भेटत नाई. एक डिसेंबरच्या आत आला तर ठेवीन. नाहीतर डिप्लोमावाला पक्का.

"और तू?"

मी म्हटलं, माझं तुमी सांगा.

"तेरा मैं अभी नहीं बोलता."

१० नोव्हेंबर

भाऊजीले फोन केला. ऐकून घेतलं. मंग असा भडकला! "तुले कोणं सांगितलं बोलाले? मी बोलून चुकलो होतो ना! माझ्या शब्दाची काही किंमत हाये का नाई?"

या म्हटलं, साहेब बोलावून रायले.

"मी आलो का ते तुले काढतीन. एका घरच्या दोघांले कोण ठेवते आता? मंग बाईसमोर काय तोंड दाखवू — साळ्याची भाकर घेऊन बसलो म्हणू? येत नाई मी."

ठेवला. पुन्हा केला, उचलला नाई.

मी इथी आहे तोपर्यंत तो येणार नाई. हे सरळच आहे.

१४ नोव्हेंबर

हिशेब घेतला. साहेबाले म्हटलं, मी जातो, त्याले जागा ठेवा. साहेब म्हणाले, भागा फिर से? मी हो म्हटलं. काय सांगत बसू?

डब्ब्यावर कापड टाकून निघालो.

१७ नोव्हेंबर, घरी

आई अंगणात होती. पाहिलं आणि म्हणाली, "आला का पळून? या टायमाले चपला तरी आणल्या!" शेजारची मनकर्णाकाकू कुंपणावरून, "काऊन रे सुरज, इमान पंचर झालं का?" सगळ्या हासल्या. मीही हासलो. बाबा तळ्यावर निघून गेला.

सूरत, पुणे, आता हे. गावाच्या हिशेबात तीन पळणी. तिसरं पळणं नव्हतं, पण कोणाले सांगू? सांगितलं तर टोपीचं सांगावं लागते.

१९ नोव्हेंबर, मूल

राईस मिलमध्ये लागलो. पोती उतरवायची. भुसा डोळ्यात, कानात, चहात. दिवसभर मशीनचा आवाज. इथी बोलायचीच सोय नाई, हातानं खुणा करतो.

२२ नोव्हेंबर

बाईले सगळं सांगितलं. फोनवर. आधी वाटलं लाईन गेली.

मंग म्हणाली, "तुमी दोघं एका खोलीत राहून नऊ दिवस बोलले नाई?"

हो.

"आणि मी इथी रोज तुमाले फोन करत होती. एकाले विचारलं तर म्हणे तो बरा हाये. दुसऱ्याले विचारलं तर म्हणे तो बरा हाये." रडली. "मले एकानं सांगितलं असतं तर दोघांले चार शिव्या दिल्या असत्या ना रे!"

खरं आहे. तिच्या चार शिव्यांचं काम होतं.

म्हटलं, बाई, त्यांले पाठव. मी आता तिथी नाई. माझ्या भाकरीचा सवाल नाई.

"ते आयकतेत का माझं? काल म्हणत होते, बोडीच्या पाण्यात मासोळ्यांचं बीज सोडतो, मासोळ्याच करतो आता." मंग हळूच, "रात्री झोपेत बोलतेत. पाहिली, पाहिली, असं."

२६ नोव्हेंबर

फोन नाई. आज पोतं उतरवताना पाय घसरला, गुडघा सोलला. हमाल दादा म्हणाला, "ध्यान कुठी हाये तुह्यं?" एक तारखेले किती दिवस राहिले ते मोजून रायलो होतो.

साहेबाले फोन केला. म्हणाले, आया क्या? नाई म्हटलं. म्हणाले, मैं तारीख नहीं बढ़ाऊंगा.

२७ नोव्हेंबर

कुरखेड्याले जाऊन पाय धरावे का? गेलो तर तो दरवाज्यातूनच परत पाठवीन. माझ्या तोंडाकडं पाहून तो नाईच म्हणीन. मी असलो का त्याले नाई म्हणावंच लागते.

गेलो नाई.

२८ नोव्हेंबर, मूल

सकाळी बाईचा फोन. कुजबुजत बोलत होती. रात्री भाऊजीनं पेटी काढली, कपडे भरले, पुन्हा काढले, पुन्हा भरले. तिनं काही विचारलं नाई. सकाळी स्वतःच म्हणाला, परवा पोचतो म्हणून सुरजले साहेबाले सांगाले लाव.

मी म्हटलं, त्यांले फोन दे.

दिला. त्यानं घेतला नाई. बाजूलेच होता, खोकला ऐकू आला. मंग तिच्या मागून आवाज — "तिकिटाचे पैसे त्यालेच पाठवाले सांग. जायचेच. परत यायचे नको."

कुरखेडा ते वडसा बस, वडशाहून बल्लारशा, तिथून बंगळूर जनरल. पाठवले — चारशे साठ रुपये.