डल्सीच्या फळ्या

फ्रँकलिन, टास्मानिया
१२ जुलै १९७९

ती. उनावन्सं यांना,
तुमच्या धाकट्या भावाच्या दुसऱ्या बायकोचा सा. न. वि. वि.

तुम्ही विणलेला मफलर पोचला. क्लॅरी तो आंघोळीपुरताच काढतो. इकडे सफरचंदांची छाटणी चालू आहे, नदीवरचं धुकं दुपारपर्यंत हलत नाही. क्लॅरीचा गुडघा थंडीत कुरकुरतो. तो स्वतः कुरकुरत नाही, ते खातं माझ्याकडे आहे.

खरी बातमी म्हणजे शेडमधली होडी अखेर बांधून झाली. व्हार्निशचा वास क्लॅरीच्या छातीला सोसत नाही, म्हणून ते काम मी अंगावर घेतलं. बॅलरटला माहेरची सगळी कपाटं मीच रंगवली होती, तेव्हा म्हटलं, होडीचं काय मोठंसं! पहिला हात दिला आणि वन्सं, तो वाळेचना. अजून वाळलेला नाही. बोट लावलं की चिकटतं, उचललं की ठसा उरतो. मांजराचे केस आणि दोन पतंग त्यात कायमचे मुक्कामाला आलेत. ऑक्टोबरात, सफरचंदांच्या मोहोराच्या दिवसांत, क्लॅरीची साठी आहे, त्या दिवशी होडी पाण्यात जायला हवी.

हे एवढंच असतं तर मी तुम्हाला लिहिलं नसतं. काल जेवताना क्लॅरी बटाटा सोलता सोलता म्हणाला की डल्सीला विचारावं का, तिच्या वडिलांचा होड्यांचाच कारखाना होता. अगदी सहज म्हणाला, मीठ दे म्हणावं तसं. मी म्हटलं, तुझी पहिली बायको या शेडमध्ये आली तर मी शेडमधून नव्हे, घरातून जाईन. त्यावर त्याने दुसरा बटाटा सोलायला घेतला. तुमच्या भावाचं गप्प बसणं तुम्हाला ठाऊक आहे.

मला दोष देऊ नका. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी या घरात मी पाहुणीच आहे. दारातला गुलाब डल्सीने लावलेला, जॅमच्या बरण्यांवर डल्सीचं अक्षर. दुकानातली बाई परवा मला विचारते, डल्सीसारखं लोणचं तुम्हालाही जमतं का? होडी तेवढी माझ्या काळात उभी राहिली. तिला डल्सीचा हात लागू द्यायचा नाही मला.

तिच्या वडिलांचा कारखाना तुम्ही पाहिलाय. ते लोक काय करत, आठवेल तेवढं कळवा. तिला मात्र कळवू नका.

व्हार्निशइतका चिकट नको, पण लोभ असू द्यावा.
तुमची
नेरिडा


व्हाइटमार्क, फ्लिंडर्स बेट
२२ जुलै १९७९

चि. सौ. नेरिडा हिस,
अजून वाऱ्याने उडून न गेलेल्या उनाचे अ. आ.

पत्र वाचून पोटभर हसले, त्याबद्दल आधीच माफ कर. फोन करणार होते, पण आमच्या एक्स्चेंजवरची बाई सगळं ऐकते आणि अर्धं चुकीचं सांगते. इकडे कुंपणावरून उड्या मारत आलेल्या वॉलबींनी माझा कोबी मुळापर्यंत खाल्ला. दोन कोंबड्या अंडी घालायचं सोडून नुसत्या बसून असतात, माझ्यासारख्या.

मला वाटतं दोष थंडीचा आहे. जुलैत नदीकाठच्या शेडमध्ये माणूस वाळत नाही, तर व्हार्निश काय वाळणार! शेगडी पेटव. डबा जुना असेल तर फेकून दे. आणि तुझा हात सढळ आहे, सॉस वाढतेस तसं व्हार्निश थापलं असशील, पातळ लाव. डल्सीचे वडील आधी लाकडाला जवसाचं तेल चोळत, असं मला अंधुक आठवतं. तेही करून बघ.

आता रागवायचं तर रागाव, पण डल्सीने व्हार्निश दिलेल्या होडीत बघून मी केस विंचरले आहेत. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण आहे आणि भावाने घटस्फोट घेतला म्हणून मी काही घेतलेला नाही. तिला एकदा विचारलंस तर तुझं काय झिजणार आहे? क्लॅरी तिच्याकडे परत जाईल असं वाटत असेल तर एक सांगते. तो मनुष्य तोच रस्ता दोनदा चालत नाही, गुडघ्यामुळे.

माया आहेच, ती पत्रागणिक मागायची नसते.
उना


फ्रँकलिन
१९ ऑगस्ट १९७९

ती. उनावन्सं यांना सा. न.
वि. वि. लिहीत नाही, कारण आज विनंती काही नाही.

तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. पहिला थर खरवडून काढला. खांदे भरून आले, नखांत व्हार्निश गेलं. शेगडी पेटवली. ह्युऑनव्हिलहून नवा डबा आणला. जवसाचं तेल चोळलं, मुरू दिलं, पुसलं आणि वर पातळ हात दिला. आता पहिल्यापेक्षा वाईट आहे, पाकातल्या जिलबीसारखी होडी झाली आहे.

पण एक गोष्ट लक्षात आली. बैठकीची फळी दुसऱ्या लाकडाची आहे. तिला तोच डबा, तोच ब्रश, तीच शेगडी, आणि ती दुसऱ्या सकाळी काचेसारखी कडक वाळली. म्हणजे थंडी नाही, डबा नाही आणि माझा हातही नाही. दोष बाकीच्या फळ्यांत आहे, त्या पिवळ्या, गोड वासाच्या ह्युऑन पाइनच्या. त्या कुठून आल्या म्हणून क्लॅरीला विचारलं, तर म्हणाला, डल्सीच्या वडिलांनी लग्नात दिल्या होत्या. दोन वर्षं मी त्याला फळ्या धरू लागले, खिळे देऊ लागले, आणि हे मला आत्ता कळतंय! लाकूडसुद्धा तिचंच, आणि तिच्याच बाजूचं.

हेही गिळलं असतं. पण बुधवारी बाजारातून लवकर परतले तर अंगणात तिची गाडी. शेडचं दार उघडं होतं. डल्सी होडीवर तळवा टेकून उभी होती, आणि क्लॅरी तिच्यासमोर हातात टोपी घेऊन. वन्सं, माझ्याशी लग्न करताना चर्चमध्येसुद्धा त्याला टोपी काढ म्हणून सांगावं लागलं होतं. मी गाडीतून उतरले नाही. मागे वळवली आणि अंधार पडेपर्यंत नदीकाठी काच वर करून बसले.

घरी आल्यावर तो म्हणाला की व्हार्निशचं विचारायला बोलावलं होतं. मी विचारलं, होडी वाळत नाही हे तिला कुणी सांगितलं? तो म्हणाला, तिला आधीच माहीत होतं. म्हणजे तुम्ही. नाही म्हणू नका.

उद्या मी लॉन्सेस्टनला बहिणीकडे जाते आहे. होडीला काय हवं ते डल्सीने लावावं.

नेरिडा


व्हाइटमार्क
२६ ऑगस्ट १९७९

चि. सौ. नेरिडा हिस अ. आ.

हो, मीच लिहिलं. तू सांगू नको म्हणालीस आणि मी सांगितलं. मैत्रिणीला बातमी दिल्याशिवाय मला राहवत नाही, आणि तू त्यात पोळलीस. चूक झाली.

क्लॅरीचा फोन आला होता. जन्मात पहिल्यांदा त्याने मला स्वतःहून फोन केला. घरात डबाबंद घेवडा खातो आणि होडीवर चादर टाकून ठेवली आहे, एवढंच सांगून गप्प बसला. ती शांतता साऱ्या बेटाने ऐकली.

डल्सीने तुझा लॉन्सेस्टनचा पत्ता मागितला. या वेळी तुला सांगून देते आहे, दिला. तिचं पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड.

उना


सिग्नेट
२ सप्टेंबर १९७९

सौ. नेरिडा यांना,
तुम्हाला कोणत्या नात्याने लिहावं हे कुठल्याच रिवाजात बसत नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

आधी कामाचं. ह्युऑन पाइनच्या अंगात तेल असतं. म्हणूनच ते पाण्यात कुजत नाही आणि म्हणूनच त्यावर व्हार्निश वाळत नाही. तुम्ही वरून जवसाचं तेल पाजलंत. ते कुणी सांगितलं हे मी ओळखलं. उनाने आमच्या कारखान्यात फक्त चहा प्यायला आहे. सगळं खरवडून काढा. मग थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने फळी पुसत राहा, फडकं पिवळं व्हायचं थांबेपर्यंत. आणि लगेच, आतलं तेल परत वर यायच्या आत, निम्मं थिनर घातलेला पातळ हात द्या. हातभर जागा पुसली की रंगवायची, पुसली की रंगवायची. सगळी होडी पुसून जेवायला गेलात तर पुन्हा पहिले पाढे. तो पहिला हात कडक वाळला की पुढचे आपोआप वाळतात. दारं उघडी ठेवा, थिनर डोक्यात जातं, आणि त्या वेळी शेगडी मुळीच पेटवू नका.

आता दुसरं. त्या दिवशी होडीवर हात ठेवला, तो चिकटला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू!

त्या फळ्या बाबांनी आमच्या लग्नात दिल्या. दर वसंतात मी क्लॅरीला होडीचं विचारायची. तो म्हणायचा, तोडणी झाली की. तोडणी झाली की म्हणायचा, छाटणी झाली की. फळ्या भिंतीला टेकून राहिल्या आणि मीही टेकून राहिले. मग मी निघाले; मला कुणी काढलं नाही. आणि तुम्ही आलात, तर दोन वर्षांत होडी उभी! तोच माणूस, तोच गुडघा. त्याला वेळ होता, हे मला त्या शेडमध्ये उभं राहून कळलं.

टोपीचं उनाने कळवलं. तुम्हाला वाटलं ते नव्हतं. लाकूड माझ्या बाबांचं, म्हणून तो परवानगी मागत होता. होडीवर तुमचं नाव लिहायचं आहे, चालेल का, असं विचारत होता. मी चालेल म्हटलं. मग गाडी वळणापलीकडे नेऊन थांबवली आणि चांगली रडले. होडी मला नको आहे, तोही नको आहे. पण माझ्यासाठी त्याने कधी कुणापुढे टोपी काढली नव्हती.

उत्तर नाही पाठवलंत तरी मी समजून घेईन.
डल्सी


फ्रँकलिन
१५ ऑक्टोबर १९७९

ती. उनावन्सं यांना,
घरी परत आलेल्या भावजयीचा सा. न. वि. वि.

डल्सीचं पत्र मी तीनदा वाचलं, दोनदा रागाने. मग बस धरली. क्लॅरी थांब्यावर उभा होता. त्याने माझी पिशवी घेतली. गाडीत बसल्यावर मी विचारलं, नाव लिहायचं होतं तर मला का नाही सांगितलंस? म्हणाला, आधी होडी वाळू दे म्हटलं. मला हसू आलं आणि रडूही, आणि त्याने खिशातला रुमाल दिला तो थिनरच्या वासाचा. मी नसताना त्याने एकट्याने अर्धी होडी खरवडली होती, छातीचं जे व्हायचं ते होवो म्हणून. मी त्याला शेडबाहेर काढलं आणि उरलेली स्वतः खरवडली.

मग डल्सीने लिहिलं तसं अक्षरशः केलं, हातभर पुसायचं, हातभर रंगवायचं. फडकी हळदीत बुडवल्यासारखी पिवळी झाली. दुसऱ्या दिवशी मी भीत भीत बोट लावलं. चिकटलं नाही. मग गाल लावला. क्लॅरी दारातून बघत होता, म्हणून पुढचं लिहीत नाही.

काल साठी झाली. होडी पाण्यात गेली, एक थेंब आत आला नाही. मागच्या बाजूला निळ्या अक्षरांत माझं नाव आहे, किंचित वाकडं. डल्सीला बोलवायचं मीच ठरवलं. मोठ्या मनाने वगैरे नाही. तिने बघावं म्हणून. ती आली, सोबत केक घेऊन आणि केक माझ्यापेक्षा चांगला होता. मी तिला होडीत बसवलं आणि वल्ही स्वतः घेतली. नदीत मधोमध गेल्यावर तिने होडीच्या काठावरून तळवा फिरवला, एकदा डोळे मिटले, आणि मग कडेखाली बोट नेऊन मला दाखवलं, की इथे व्हार्निशचा ओघळ राहिलाय. वन्सं, त्या क्षणी तिला पाण्यात ढकलायची फार इच्छा झाली. तिलाही ते दिसलं असावं, कारण तिने दोन्ही हातांनी होडी घट्ट धरली आणि हसत सुटली. मग मीही हसले. ओघळ आहे, खरंच आहे. उद्या घासून काढते.

आता ती घरी जाऊन तुम्हाला लिहील, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून क्लॅरी अजून झोपलेला असताना हे लिहून मी टपाल निघायच्या आत पेटीत टाकायला निघाले आहे. तरीही तिचं पत्र आधी आलं, तर ते बाजूला ठेवा. भावाच्या होडीची बातमी आधी माझ्याकडूनच कळू द्या.

लोभ दोघींवर करता, करा. माझ्यावर कणभर जास्त असावा.
तुमची
नेरिडा