जिभेच्या जागी

३ ऑक्टोबर
आलो एकदाचे! दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्सच्या फ्लॅटमधून थेट खोर फक्कानच्या पुढच्या या चिमुकल्या गावात. निनादची बदली झाली आणि मला अख्खा बंगला मिळाला. मागच्या दाराशी खाडी, पलीकडे तिवरांची झाडी. सात वर्षांची मिहिका "ममा, सो मच वॉटर!" म्हणत नाचत होती. शेजारच्या प्रमिलाताई मूळच्या मालवणच्या, आता इथे मुरलेल्या. जरा बोबडं बोलतात, पण मायाळू. खाडीतल्या माशाचं तिखलं घेऊन आल्या. मी मासे खात नाही. बापलेकींनी वाडगं चाटूनपुसून साफ केलं.

६ ऑक्टोबर
निनादने मासे आणले. धुताना एकाच्या तोंडात जिभेच्या जागी पांढरा, फुगीर किडा दिसला. काळे टिपके डोळ्यांचे, पाय आत रुतलेले. मासा तसाच शेजारी नेऊन दाखवला. प्रमिलाताई हसल्या. म्हणाल्या, तो जीभ खातो आणि मग स्वतःच जीभ होऊन बसतो. माणसाला काही करत नाही, आम्ही तर तळून खातो. बोलताना त्यांच्या ओठांच्या कडेला फेस साचत होता. हात पुन्हापुन्हा साबणाने धुतले. वास जात नाही.

११ ऑक्टोबर
दोघांना आता मासेच हवेत, तेही कच्चे. वरणभात पाहिला की मिहिका तोंड फिरवते. तिच्या उशीवर गुलाबी लाळेचे डाग. तोंड उघड म्हटलं तर म्हणाली, "नो ममा, इट टिकल्स." शब्द ओले, जाड. निनाद म्हणाला, शुभ्रा, खलास, उगाच विषय वाढवू नकोस. त्याच्या श्वासाला कुजक्या चिखलाची घाण.

१३ ऑक्टोबर
निनादने जांभई दिली. मी पाहिलं. त्याच्या जिभेला डोळे आहेत.
बेसिनवर ओकत राहिले.

१४ ऑक्टोबर
तो कामावर गेला तशी मिहिकाला गाडीत घालून निघाले. दुबईला, हॉस्पिटलात. वाटेत ती गुदमरली — पेट्रोल पंपाशी थांबले. पर्समधल्या चिमट्याने तिच्या तोंडातलं ते धरलं. मऊ, गार, बुळबुळीत. ओढलं तर किंचाळली. खाली जीभ नाहीच. नुसतं थोटूक —
सोडलं. ते परत सरकून बसलं.
ॲम्ब्युलन्स बोलावलीय. ती येईपर्यंत लिहितेय. मिहिका शांत. म्हणते, "ममा, इट्स हंग्री." बिस्किट नको. माझ्या तोंडाकडे बघतेय —
मांडीत चढली. पापी दे म्हणते. तो वास — शिसारी येतेय, पोटच्या पोरीची —
गालांवर तिचे हात. ढकलायला हवं. ढकलू कशी, माझी लेक —