शिगेची वाटी

मारुंजी, गुरुवार, दिवेलागणीला

घरमालकीण काकू आत्ता साखरेची उसनी वाटी परत देऊन गेल्या. परवा सपाट नेली होती, आज शीग लावून आणली. म्हटलं, "एवढी कशाला?" तर म्हणाल्या, "उसनं हाय त्ये. सपाट कसं द्यायचं?"

अगदी आईच! तीही उसन्या पिठाची वाटी शेजारी अशीच परत न्यायची, शीग ढळू नये म्हणून हाताचा आडोसा धरून.

आणि दुपारी बँकेचा वसुलीवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, निम्मे भरा, क्रेडिट कार्डाचं प्रकरण मिटवून टाकू." नोकरी नव्हती ते चार महिने मी त्या कार्डावरच काढले. आता पगार सुरू झालाय. तरी वाटलंच, निम्म्यात सुटावं. बँक काय गरीब शेजारीण आहे?

पण एकदा पीठ कमी पडलं म्हणून आईनं सपाट वाटी परत केली होती. शेजारणीच्या लक्षातही आलं नसेल. आई मात्र कितीतरी दिवस तिच्या दाराकडे न बघता पाण्याला जायची.

उद्या बँकेकडे हप्ते पाडून मागते. मुद्दल पूर्ण देईन. व्याजावर मात्र भांडणार. शीग आपखुशीनं द्यायची असते; काकूंकडे मी कुठे मागितली होती?